आठ नंबरचा करडा शर्ट: घ्यावा की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलंय आणि त्यात करड्या लोकरीचा एक बेसबॉलचा शर्ट आहे. छातीवर कमानीत ‘न्यू यॉर्क’, पाठीवर 8. सोबत कुणा व्यापाऱ्याचं टाइप केलेलं पत्र: नामांकित खेळाडू योगी बेरा यांनी 1950 च्या दशकात न्यू यॉर्क यांकीज या संघाकडून खेळताना प्रत्यक्ष सामन्यात घातलेला शर्ट. किंमत साडेसहा हजार डॉलर. घ्यावा का, आणि घेऊ नये तर असे सामन्यातले शर्ट जमवायच्या छंदाची सुरुवात कुठून करावी?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. साडेसहा हजाराला घेऊ नका. शर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंवरून तो जुना दिसतो, बहुधा व्यावसायिक संघाचाही असेल. पण बेराचा अस्सल शर्ट या भावात कुणी देत नाही. त्याची किंमत याच्या कित्येक पट असते, आणि हे न्यू जर्सीत, बेरा जिथं अनेक दशकं राहिला त्या माँटक्लेअरपासून तासाभराच्या अंतरावर, जुनं सामान विकणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. स्वस्त आहे हीच पहिली शंका.

आता कारणं. माझ्या वडिलांचं सांगलीत शिलाईचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर माझ्याकडे काम असायचं ते उसवायचं: कुणाची पँट सैल करायची, कुणाचा शर्ट आखूड, मी ब्लेडनं जुनी टीप कापत बसायचो. तेव्हा कळलं की कापडातून दोरा निघतो, पण सुईची भोकं जात नाहीत. आणि दुमडीच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहतो. नंतर अमेरिकेत येऊन वीस-बावीस वर्षं हे बेसबॉलचे शर्ट जमवताना मला पुस्तकांपेक्षा त्या ब्लेडनंच जास्त शिकवलंय.

तुमचा तिसरा फोटो पुन्हा उघडा. शर्ट उलटा करून पाठीचा आतला भाग काढलाय तो. आठाच्या आकड्याची शिवण आतून स्पष्ट दिसते. तिच्या डावीकडे, साधारण दोन बोटांवर, बारीक भोकांची एक सरळ उभी रांग आहे. मोठं करून बघा, उजवीकडेही तसलंच काहीतरी वळणदार दिसतं. तिथं एकेकाळी दुसरा आकडा होता, आणि जागा बघता दोन अंकी होता. म्हणजे हा शर्ट कधीतरी आठ नंबरचा नव्हता.

यावर लगेच ‘फसवणूक!’ असं ओरडायचं कारण नाही. लोकरीच्या जमान्यात एका खेळाडूला वर्षाला साधारण दोन पांढरे आणि दोन करडे शर्ट मिळायचे. घरच्या मैदानावर पांढरा, परगावी करडा. हंगाम संपला की ते फेकले जायचे नाहीत. पुढच्या वसंतात सरावाला वापरायचे, मग खालच्या श्रेणीतल्या आपल्याच संघांकडे धाडायचे. यांकीजचे शर्ट न्यूअर्क, कॅन्सस सिटी, बिंगहॅम्टन अशा ठिकाणी जायचे. तिथं छातीवरचं ‘न्यू यॉर्क’ उसवून गावाचं नाव लावायचे, पाठीवरचा आकडा बदलायचे, आणि शर्ट विरेपर्यंत वापरायचे. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, तसंच. सत्तरीच्या दशकाआधी या कपड्यांना बाजारच नव्हता, त्यामुळे जपण्याचा विचार कुणी केला नाही. पुढं भाव आल्यावर संग्राहकांनी असे शर्ट शोधून त्यावर मूळची अक्षरं आणि आकडे परत लावून घेतले. याला या धंद्यात ‘रिस्टोअर्ड’ म्हणतात. उघड सांगून विकला तर त्यात काही गैर नाही, फक्त किंमत मूळच्या शर्टाच्या मानानं बरीच खाली येते.

तेव्हा खरा प्रश्न असा: आधी आठ होता, मग दोन अंकी झाला, मग पुन्हा आठ लावला, की मुळात दोन अंकी होता आणि नंतर आठ चिकटवला? हे कळतं, आणि कळतं ते भोकांवरूनच. पहिली गोष्ट खरी असेल तर कापडात भोकांचे तीन संच हवेत: मूळ आठाचा, मधल्या आकड्याचा, आताच्या आठाचा. आताची टीप कितीही काळजीनं मारली तरी ती जुन्या भोकांवर तंतोतंत बसत नाही, कुठं ना कुठं केसभर सरकतेच. तुमच्या फोटोत मला दोनच संच दिसतात. फोटोवरून शेवटचा शब्द देणार नाही, पण आत्ता पारडं कुठं झुकतंय ते तुम्हीच बघा.

दुसरी खूण सावलीची. हे आकडे जाड फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचे, असायचे. त्यांच्याखालच्या लोकरीला ऊन लागत नाही, घाम कमी लागतो, धुलाईतला घासही कमी. आकडा काढला की त्या आकाराचा थोडा गडद, थोडा मऊसर ठसा मागं राहतो. शर्टाच्या आत हात घालून मागून मोबाइलचा दिवा धरा. आठाच्या बाहेर दुसऱ्या आकड्याचा ठसा दिसला आणि आठाचा स्वतःचा जुना ठसा दिसला नाही, तर विषय संपला.

तिसरी, कॉलरच्या आतलं नाव. त्या काळात कॉलरच्या आत किंवा खालच्या घेरावर खेळाडूचं नाव साखळी टाक्यानं भरलेलं असायचं, बऱ्याचदा वर्षाचे शेवटचे दोन आकडेही. तुमच्या दुसऱ्या फोटोत ‘बेरा’ हे नाव लाल दोऱ्यात आहे आणि तो लाल रंग मला फार टवटवीत वाटतो. कॉलर माणसाच्या मानेला घासते. तिथला दोरा झिजतो, विटतो, घामानं कडक होतो. बाकीची कॉलर मळकट पिवळी आणि नाव मात्र काल भरल्यासारखं, हे जुळत नाही. उलट बाजूनं बघा: साखळी टाका समोरून साखळीसारखा आणि मागून साध्या धावदोऱ्यासारखा दिसतो. मागच्या बाजूला दोरा कापडात रुतून सपाट झालाय, की अजून वर उचललेला आहे?

दहा-बारा डॉलरचा अतिनील दिवा घेऊन जा. जुना सुती दोरा आणि लोकर त्या प्रकाशात मंदच राहतात. आजचा पॉलिस्टर दोरा निळसर पांढरा चमकतो. पण इथं एक मेख आहे आणि तिच्यात नवखे फसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या पावडरींत कपडा शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं आली. कुणी आजीनं प्रेमानं हा शर्ट घरच्या मशीनमध्ये धुतला असेल तर अख्खा शर्टच चमकेल आणि तुम्ही अस्सल माल सोडून याल. म्हणून ‘चमकतो का’ एवढंच पाहू नका. कापड अंधारात आणि फक्त आकड्याची टीप चमकते, असा फरक शोधा.

बेरा यष्टिरक्षकासारखा, म्हणजे कॅचर होता, हेही विसरू नका. कॅचर छातीवर जाड गादी बांधतो. ती खेळभर अक्षरांवर घासते आणि तिचे पट्टे पाठीवर आवळलेले असतात. त्याच्या शर्टावर ‘न्यू यॉर्क’च्या फेल्टला गोळे आलेले असावेत आणि पाठीवर पट्ट्यांच्या वाटेनं झीज असावी. तुमच्या फोटोत फेल्ट गुळगुळीत आहे, झीज आहे ती उजव्या काखेत. चेंडू फेकणाऱ्या पिचरचा शर्ट असा झिजतो. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कॅचरही दिवसभर चेंडू परत फेकतच असतो, पण मी असतो तर माझी भुवई इथं वर गेली असती.

आणि समजा आठ अस्सल निघाला, तरी तो बेराचाच कशावरून? यांकीजमध्ये बेराच्या आधीचा कॅचर बिल डिकी, त्याचाही नंबर आठच होता. संघानं 1972 मध्ये तो दोघांच्या सन्मानार्थ एकदमच निवृत्त केला, म्हणजे पुढं इतर कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. 1976 पासून बेरा प्रशिक्षक म्हणून यांकीजकडे परतला आणि पुन्हा आठच घालू लागला. तो शर्ट खेळाडू बेराचा नव्हे, कोच बेराचा, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. सुदैवानं तो गोंधळ तुमच्या बाबतीत होणार नाही, कारण तुमचा शर्ट लोकरीचा आहे. यांकीजनी 1972 नंतर लोकर सोडली, आणि 1973 पासून परगावच्या शर्टावरच्या अक्षरांना पांढरी कडही आली.

या तारखा तोंडपाठ करून ठेवा, त्या पत्रांपेक्षा कामाला येतात. यांकीजच्या पाठीवर नंबर आले 1929 मध्ये, फलंदाजीच्या क्रमानं, म्हणून बेब रूथ 3 आणि लू गेरिग 4. 1927 ते 1930 या वर्षांत परगावच्या शर्टावर ‘न्यू यॉर्क’ नव्हतं, ‘यांकीज’ होतं. आज जगभर टोप्यांवर दिसणारी ती गुंफलेली ‘एन’ आणि ‘वाय’ ही दोन अक्षरं घरच्या पट्टेरी शर्टाच्या छातीवर 1936 मध्ये परत आली, म्हणजे रूथनं संघ सोडल्यानंतर. यांकीजकडून खेळताना रूथनं तसा शर्ट कधी घातलाच नाही, तरी त्याच्या नावावर तसले शर्ट विकायला येतात! 1939 मध्ये बेसबॉलच्या शताब्दीचा बिल्ला मोठ्या संघांच्या बाहीवर होता. बाहीवर त्याची भोकं नसतील तर शर्ट 1939 चा म्हणून घेऊ नका. पाठीवर खेळाडूचं आडनाव पहिल्यांदा लावलं शिकागो व्हाइट सॉक्सनी, 1960 मध्ये. यांकीजनी सामन्याच्या नेहमीच्या शर्टावर ते आजवर लावलेलं नाही. आणि लोकरीचा शेवट सुरू झाला जुलै 1970 मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स नव्या मैदानावर ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कृत्रिम कापडात उतरले तेव्हा. दोन-तीन वर्षांत सगळेच संघ तिकडं गेले. जुलैच्या उन्हात घामानं भिजलेली लोकर अंगावर घेऊन तीन तास उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्यानं पावसात घोंगडी पांघरलीय त्याला सांगायला नको.

पत्राबद्दल. 2006 च्या सुमाराला मी स्वतः असाच एक शर्ट घेतला. वेगळा संघ, वेगळा खेळाडू, नावं सांगत नाही. सोबत दोन पानी पत्र, उभारलेला शिक्का, सही. तीन हजारांहून जास्त मोजले. घरी आणून दिव्यासमोर धरला तर सातच्या आकड्याखाली जुन्या चारची भोकं. मी, सांगलीच्या टेलरचा मुलगा, ज्यानं पोत्यानं कपडे उसवलेत, शर्ट उलटा न करता पत्र वाचून पैसे दिले होते. विक्रेत्यानं ‘पत्र दिलंय ना?’ एवढंच उत्तर दिलं. तो शर्ट अजून माझ्याकडे आहे. नव्या माणसाला भोकं कशी दिसतात ते दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

सगळी पत्रं कचरा नाहीत. मिअर्ससारख्या, शर्टांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या पत्रात शर्टाचं लेबल, माप, झीज, दुरुस्त्या एकेक नोंदवलेल्या असतात आणि दहापैकी गुण असतात; ए-10 म्हणजे वरचा. ज्या पत्रात निरीक्षणं आहेत ते वाचा. ज्यात फक्त ‘आमच्या मते अस्सल’ आहे ते बाजूला ठेवा. तुमच्याकडचं दुसऱ्या जातीचं आहे.

आणि आता पत्राच्याही पुढं गोष्ट गेलीय: जुन्या छायाचित्राशी शर्ट जुळवणं. हे शर्ट हातानं कापून शिवलेले, त्यामुळे एकासारखा दुसरा नसतो. पट्टेरी शर्टावर तर निळी रेघ अक्षराला नेमकी कुठं भेटते, बटणपट्टीवर दोन्हीकडच्या रेघा किती चुकतात, हे बोटाच्या ठशासारखं असतं. 8 ऑक्टोबर 1956 ला यांकीजचा पिचर डॉन लार्सन यानं वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतला, परफेक्ट गेम टाकला, समोरच्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही, आणि बेरा धावत जाऊन त्याच्या अंगावर झेपावला, तो फोटो बघा. पाठीवरच्या आठाच्या कडेला रेघा कुठं तुटतात ते मोजता येतं. करड्या शर्टावर रेघा नाहीत, तिथं अक्षरं आणि बटणपट्टी यांच्यातलं अंतर बघायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण बेब रूथच्या करड्या शर्टाचं. 2005 मध्ये तो 9 लाख 40 हजार डॉलरला गेला. तेव्हा तो नेमका कुठल्या सामन्याचा याचा पुरावा आजच्याइतका पक्का नव्हता. पुढं त्याच्या छातीवरच्या अक्षरांची बटणपट्टीपाशी पडलेली जागा जुन्या फोटोंशी जुळवली गेली आणि तो 1 ऑक्टोबर 1932 चा ठरला. शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, रूथनं बोट दाखवून षटकार मारला असं ज्याबद्दल अजून भांडणं होतात तो दिवस. (बेसबॉलमध्ये षटकार नसतो, होम रन असतो. चाळीस वर्षांची सवय, जात नाही.) ऑगस्ट 2024 मध्ये तोच शर्ट 2 कोटी 41 लाख डॉलरला गेला, म्हणजे दोनशे कोटी रुपयांच्या आसपास. कापड तेच, घामाचे डाग तेच. मधल्या काळात वाढला तो फक्त पुरावा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सुरुवात लोकरीपासून करू नका. अटारीवर, तळघरात सापडणारे बहुतेक लोकरी शर्ट गावच्या, चर्चच्या नाहीतर कारखान्याच्या संघांचे असतात. न्यू जर्सीत असे संघ गल्लोगल्ली होते आणि त्यांना शर्ट पुरवणाऱ्या कंपन्या त्याच: स्पाल्डिंग, विल्सन, रॉलिंग्ज. नुसत्या लेबलावरून काही ठरत नाही. शिवाय ऐंशीच्या दशकापासून फिलाडेल्फियाच्या मिचेल अँड नेस आणि पुढं सिअ‍ॅटलच्या एबेट्स फील्ड फ्लॅनल्स यांनी फार सुंदर नकला केल्या. नक्कल म्हणूनच विकल्या, त्यांचा दोष नाही. पण त्यांचं लेबल काढून, शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ म्हणून विकणारे नंतर आले. चहाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो, घाम तसा पसरत नाही. नाक लावून बघायलाही लाजू नका.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले पॉलिस्टरचे शर्ट घ्या, आणि ताऱ्यांचे नको, बाकावर बसणाऱ्यांचे. काही शे डॉलरमध्ये मिळतात. त्यांच्यात खालच्या घेरापाशी पट्टी असते, तिच्यावर बहुतेक वेळा वर्ष, माप, कधी संचाचा क्रमांक. आतल्या धुलाईच्या सूचनाही बघा: तशी कायमची पट्टी कपड्यात लावणं अमेरिकेत 1972 पासून सक्तीचं झालं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे 1975 पासूनचे भगव्या-पिवळ्या पट्ट्यांचे शर्ट तर भिंतीवर असे दिसतात की माझ्या सासूबाईंना ती पैठणीची नवी तऱ्हा वाटली होती. अगदीच धोका नको असेल तर 2001 नंतरचे घ्या. तेव्हापासून मेजर लीगची, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीची, स्वतःची व्यवस्था आहे, सामन्याला अधिकृत माणूस हजर असतो, बहुतेक आजी किंवा माजी पोलीस, आणि वस्तूवर तिथंच क्रमांकाचा होलोग्राम लागतो. मला त्यात मजा वाटत नाही, पण झोप शांत लागते हे खरं.

घरी आणल्यावर धुऊ नका. डाग हीच किंमत आहे. हँगरला टांगू नका, लोकर स्वतःच्या वजनानं खांद्यापाशी ताणते. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून आडवा ठेवा, घडीच्या जागी कागदाची वळकटी घाला. कसर लागण्याची भीती असेल तर डांबरगोळ्या टाकू नका, वास वर्षानुवर्षं जात नाही. शर्ट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कापडाला पाणी सुटतं. आमच्याकडे उकडीचे मोदक आणि 1948 ची एक बाही शेजारी-शेजारी राहिलेली आहेत. बायकोनं मोदकांवर चिठ्ठी लावली होती, ‘हे खाण्यासाठी’.

शनिवारी परत जाणार असाल तर दिवा, मोजपट्टी आणि अतिनील टॉर्च न्या. शर्ट उलटा करू द्या म्हणा. नाही म्हणाले तर नमस्कार करून या. करू दिला तर आठाच्या आतल्या बाजूचे, मागून दिवा धरून, जवळून पाच-सहा फोटो काढा, कॉलरमधल्या नावाचे उलट बाजूनं दोन, आणि काखेचा एक. भोकांचे दोनच संच निघाले तर हा कुठल्यातरी दोन अंकी अनामिकाचा यांकीज शर्ट असू शकतो, आणि तेही काही वाईट नाही. छातीवरची ‘न्यू यॉर्क’ अक्षरं मूळची असतील, त्यांच्याखाली दुसऱ्या गावाची भोकं नसतील, तर मी पंधराशेपर्यंत जाईन. तीन संच निघाले तर तिथूनच फोन करा, मी गाडी काढतो.